यंत्रामुळे कोणाचं काम गेलं? शहापूर-मुरबाडमध्ये प्रश्न विचारायला शिकताना

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना सध्या एक विषय हमखास निघतो: ऑटोमेशन आणि रोजगार. एआयची चर्चा सुरू झाल्यापासून तर फारच. बऱ्याच जणांच्या प्रस्तावातला प्रश्न साधारण सारखा असतो. "नव्या तंत्रज्ञानामुळे अमुक जिल्ह्यात किती नोकऱ्या जातील?" माझाही पहिला प्रस्ताव असाच होता. विषय चांगला, प्रश्न चुकीचा. तो का चुकीचा होता हे मला ग्रंथालयात कळलं नाही, शहापूर तालुक्यातल्या एका वाडीवर कळलं. तुमचे काही महिने वाचावेत म्हणून ते सविस्तर सांगते.

फेब्रुवारी महिना होता. मी छापील प्रश्नावली घेऊन वाडीवर गेले तेव्हा निम्म्या घरांची दारं बंद. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं. एका ओट्यावर पन्नाशीच्या एक काकू बसल्या होत्या. मी नाव, वय, शिक्षण असं करत सातव्या प्रश्नावर आले: मुख्य व्यवसाय. त्यांनी मलाच विचारलं, "कुठल्या महिन्याचं इचारतेस, बाय?"

मी हसले. त्या घरी बसलेल्या दिसत होत्या, म्हणून रकान्यात "गृहिणी" लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. संध्याकाळी आसनगाव स्टेशनवर लोकलची वाट बघत फॉर्म चाळत होते, तेव्हा तो शब्द डोळ्यांत खुपला. त्या काकूंनी मला त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला होता आणि मी तो नोंदवलाच नव्हता.

४७ टक्के की ९ टक्के?

आधी थोडं वाचन. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बोर्न यांनी एक अभ्यास मांडला. अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेऊन त्यांनी अंदाज केला की तिथला साधारण ४७ टक्के रोजगार यंत्रांच्या हाती जाण्याचा मोठा धोका आहे. हा आकडा जगभर गाजला. आजही अनेक प्रस्तावांची सुरुवात त्यानेच होते.

तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, ओईसीडीसाठी मेलानी आर्न्ट्झ, टेरी ग्रेगरी आणि उलरिश झीरान यांनी तोच प्रश्न वेगळ्या पद्धतीने तपासला. त्यांचं उत्तर आलं सुमारे ९ टक्के. कुठे ४७ आणि कुठे ९!

कोणी हिशेबात चुकलं होतं का? तसं नाही. फरक होता मोजण्याच्या एककात. पहिल्या अभ्यासाने पूर्ण व्यवसायाला एकच शिक्का मारला: हा व्यवसाय धोक्यात, तो सुरक्षित. दुसऱ्याने विचारलं की त्या व्यवसायातला माणूस दिवसभरात नेमकी कोणकोणती कामं करतो? हिशेबनीस फक्त बेरजा करत नाही. तो गिऱ्हाइकाशी बोलतो, चूक कुठे झाली ते शोधतो, साहेबाला समजावतो. बेरजा यंत्राकडे गेल्या तरी बाकीचं राहतं.

या विचाराचा पाया २००३ मधला आहे. डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही आणि रिचर्ड मर्नेन यांनी असं मांडलं की संगणक नोकरीची जागा घेत नाही, नोकरीतल्या काही कामांची घेतो. ठरावीक पद्धतीने, पुन्हा पुन्हा करायची कामं त्याच्याकडे लवकर जातात. प्रसंग बघून निर्णय घ्यायची कामं माणसाकडे राहतात. म्हणून मोजायचं ते काम, नोकरी नव्हे.

आता हे सगळं घेऊन आसनगावच्या फलाटावर परत या. ऑटर आणि मंडळींनी निदान एका माणसाची एक नोकरी आहे एवढं गृहीत धरलेलं होतं. माझ्या काकूंना तर एक नोकरी नव्हतीच. त्यांच्याकडे एक वर्ष होतं आणि त्या वर्षात पाच-सहा कामं.

वर्ष कसं भरतं

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले डोंगराळ, भाताचे तालुके. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, कुणबी, आगरी असे समाज इथे राहतात. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी इथूनच मुंबईला जातं. भूमिहीन किंवा अगदी थोडी जमीन असलेल्या घराचं वर्ष ढोबळपणे असं असतं:

- पाऊस पडला की आवणी. म्हणजे भाताची लावणी, स्वतःच्या खाचरात आणि मजुरीने दुसऱ्याच्याही.
- दसरा-दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी.
- दिवाळीनंतर वीटभट्टी, भिवंडी-कल्याणकडे किंवा जवळच. पाऊस जवळ आला की परत.
- मध्येमध्ये रोजगार हमीचं काम, सरपण, मोहाची फुलं, रानभाज्या, खेकडे-मासे.
- घरातला तरुण मुलगा असेल तर हल्ली हायवेलगतच्या गोडाऊनमध्ये किंवा मुरबाड एमआयडीसीत कंत्राटी काम.

आता आपली अधिकृत आकडेवारी हे कसं पाहते ते बघा, कारण तुम्ही तीच वापरणार आहात. आवर्ती श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, २०१७ पासून होतं. त्यात मुख्य व्यवसाय ठरवताना मागच्या ३६५ दिवसांत ज्या स्थितीत जास्त काळ गेला ती धरतात. त्याशिवाय ३० दिवस किंवा अधिक केलेलं काम दुय्यम म्हणून नोंदवता येतं. चालू आठवड्याच्या मापात सात दिवसांतल्या एखाद्या दिवशी एक तास काम केलं असेल तरी तो माणूस कामावर धरला जातो.

समजा, पूर्वी एका बाईला झोडणीची वीस दिवसांची मजुरी मिळायची. गावात झोडणीचं मशीन आलं आणि ते वीस दिवस गेले. मुख्य व्यवसाय? बदलला नाही. दुय्यम व्यवसाय? वीस दिवस तीस दिवसांच्या आतलेच, आधीही दिसत नव्हते. चालू आठवडा? गणक ऑगस्टमध्ये आला असेल तर झोडणीचा विषयच नाही. घरातले वीस दिवसांचे पैसे गेले आणि राष्ट्रीय सर्वेक्षणात कुठेही खळ पडली नाही. सर्वेक्षण वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते देशाचं चित्र काढायला बनवलेलं आहे. तुमचा प्रश्न वीस दिवसांचा असेल तर माप तुम्हाला वेगळं घ्यावं लागेल.

आणखी एक खड्डा सांगून ठेवते, मी त्यात पडलेली आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेतला "ठाणे जिल्हा" आणि आजचा ठाणे जिल्हा एक नाही. जव्हार-मोखाडा आधीच्या आकड्यांत आहेत, नंतरच्या नाहीत. शिवाय आजच्या जिल्ह्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर ही शहरं इतकी मोठी आहेत की जिल्ह्याच्या सरासरीत मुरबाडचा माणूस शोधूनही सापडत नाही. तालुक्याच्या पातळीवरच उतरा.

भात: कोणाचं काम गेलं, कोणाचं राहिलं

एआयच्या आधी या भागात यंत्रं आली नव्हती का? आली होती. सगळ्यात जुनं आणि आता कोणाच्या लक्षातही नसलेलं उदाहरण म्हणजे भाताची गिरणी.

गिरणी येण्याआधी भात भरडणं, कांडणं, पाखडणं हे सगळं बायका हाताने करायच्या. घरच्यासाठी करायच्या आणि दुसऱ्याच्या घरी मजुरीनेही करायच्या. मजुरी बऱ्याचदा तांदूळ-कण्यांच्या रूपात मिळायची. गिरणी आली आणि पहाटे उठून मुसळ चालवणं संपलं. कोणत्याही आजीला विचारा, ते दिवस परत हवेत का? ती हात जोडेल. पण जी बाई दुसऱ्याचं भात कांडून पोट भरत होती तिची मिळकतही त्याच गिरणीने थांबवली.

हा प्रश्न त्या काळी सरकारलाही पडला होता. १९५५ मध्ये अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांचा विचार केला. १९५८ मध्ये केंद्राने भात गिरण्यांचं नियमन करणारा कायदा केला. नव्या गिरणीला परवानगी देताना ज्या गोष्टी पाहायच्या होत्या, त्यांत एक अशी होती की या गिरणीमुळे त्या परिसरात मोठी बेकारी येईल का. आज एखादं ॲप किंवा मशीन आणताना हा प्रश्न कोणी अर्जात विचारतं का? "ऑटोमेशनचा रोजगारावर परिणाम" हा विषय परवाचा नाही, हे तुमच्या साहित्य-आढाव्यात यायला हवं.

आता आजचं शेत बघा. बैल आणि नांगराच्या जागी ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर आला. चिखलणी, जी पुरुषांचं काम होती, ती काही तासांत उरकते. झोडणीला मशीन आलं. पण आवणी? उतारावरच्या लहानलहान खाचरांत लावणीचं यंत्र सहज फिरत नाही. तिथे अजून बाईच वाकलेली दिसते, गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस. म्हणजे यंत्राने शेतीतलं काम सरसकट कमी केलं असं झालं नाही. पुरुषाचे दिवस कमी झाले, तो बाहेर कामाला गेला, आणि बाईचं सगळ्यात कष्टाचं काम जिथल्या तिथे राहिलं.

डेन्मार्कच्या अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरुप यांनी १९७० मधल्या त्यांच्या पुस्तकात दाखवलं होतं की शेतीत नवी साधनं येतात तेव्हा ती बहुधा पुरुषांच्या हाती जातात, बायका जुन्या हाती-कामावर राहतात. तुम्ही मुरबाडच्या एका गावात आवणीच्या आठवड्यात चार दिवस राहिलात तर ते पुस्तक तुम्हाला जास्त चांगलं समजेल.

यातून घ्यायची गोष्ट: "काम गेलं" एवढं लिहून थांबू नका. ते काम कष्टाचं होतं की कमाईचं, की दोन्ही? गेलं त्याचा दिलासा कोणाला मिळाला आणि तोटा कोणाला झाला? बहुतेक वेळा ही दोन वेगळी माणसं असतात.

वीट: यंत्र कामाच्या जागी नसतंच

दुसरं उदाहरण वीटभट्टीचं. इथे माझा प्रस्ताव सगळ्यात जास्त चुकला होता. मला वाटलं होतं की भट्टीवर विटा पाडायचं मशीन आलं का ते बघायचं, आलं असेल तर मजूर मोजायचे.

भट्टीवरचं काम अजून मोठ्या प्रमाणात हातानेच चालतं. माती कालवणं, साच्यात विटा पाडणं, वाळल्या की वाहून नेणं, भट्टी रचणं. मजुरी हजार विटांमागे. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा मालकाकडून किंवा मुकादमाकडून बयाणा, म्हणजे आगाऊ उचल घ्यायची आणि हंगामभर नवरा-बायको मिळून ती फेडायची. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब शेवटी. हिशेब फिटला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांना हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं लढवावा लागला.

या कामावर संकट येतंय ते भट्टीवरून येत नाही. ते इमारतीवरून येतं. मुंबई-ठाण्याच्या उंच इमारतींत आता लाल विटेऐवजी हलके पांढरट-करडे ब्लॉक मोठ्या प्रमाणावर वापरतात. एएसी ब्लॉक असं त्याचं नाव. हे तंत्र स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात निघालं. सिमेंट, चुना, वाळू किंवा औष्णिक वीजकेंद्रातली राख यांचं मिश्रण, त्यात थोडी ॲल्युमिनियमची पूड, आणि दाबाखालच्या वाफेत पक्कं करणं. आत हवेचे बुडबुडे राहतात म्हणून तो हलका. ६० सेंटीमीटर लांब, २० उंच आणि १५ जाड असा एक ब्लॉक मसाल्यासकट आठ-नऊ विटांची जागा भरतो. केंद्र सरकारनेही १९९९ पासून राखेचा वापर बांधकामात व्हावा म्हणून अधिसूचना काढल्या. सुपीक माती वाचावी हा त्यातला एक हेतू होता, आणि तो वाईट नाही.

म्हणजे यंत्र बसलं ब्लॉकच्या कारखान्यात, आणि काम कमी झालं तर ते होणार तिथून कितीतरी लांबच्या भट्टीवरच्या कातकरी जोडप्याचं. त्या दोघांनी ते यंत्र कधी पाहिलेलंही नसेल. तुम्ही भट्टीवर जाऊन "इथे ऑटोमेशन झालं का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येईल, आणि ते खरं असूनही तुमचा निष्कर्ष खोटा ठरेल.

आणि कारण सांगताना घाई करू नका. एखादी भट्टी बंद पडली तर त्यामागे ब्लॉक असू शकतो, जमिनीचा वाढलेला भाव असू शकतो, मातीची परवानगी असू शकते, मालकाच्या मुलाला धंदा नको असेल असंही असू शकतं. कातकरी समाजाचंच नाव घ्या. ते नाव पडलं खैराच्या झाडापासून कात काढण्यावरून. जंगलाचे कायदे आले तसा तो धंदा बसला. मग कोळसा पाडायला लागले, मुंबईच्या चुली-शेगड्यांसाठी. जंगलतोडीवर बंधनं आली, शहरात रॉकेल आणि गॅस आला, तोही गेला. मग वीट. एका समाजाची कामं अशी एकामागून एक बदलली. त्यात तंत्रज्ञान होतं, कायदाही होता, बाजारही होता. तुमच्या प्रबंधात या तिन्हींना वेगळं काढायची युक्ती नसेल तर "तंत्रज्ञानामुळे" हा शब्द वापरू नका.

मग वीटभट्टीचं काम गेलेलं बरं की वाईट? हा प्रश्न मला एका चर्चासत्रात विचारला गेला आणि मी गप्प झाले. बयाण्याच्या फासातून सुटका झाली तर चांगलंच. पण पावसाळ्यात बयाणा मिळाला नाही तर घरात तांदूळ कुठून येणार? त्या कामावर एक कर्जाची व्यवस्था टेकलेली आहे, वाईट का असेना. काम जाताना ती व्यवस्थाही जाते. तिच्या जागी दुसरी उभी राहिली का, हे बघणं तुमच्या संशोधनाचा भाग आहे.

गोडाऊन: नवं काम येतं, पण कोणाकडे?

आता दुसरी बाजू, कारण यंत्र फक्त काम घेतं असं नाही. बँकेच्या एटीएमचं उदाहरण अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. जेम्स बेसन यांनी दाखवलं की अमेरिकेत १९८८ ते २००४ या काळात शहरी शाखेतल्या रोखपालांची सरासरी संख्या २० वरून १३ वर आली, पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे शाखांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढली. एकूण रोखपाल त्या काळात कमी झाले नाहीत. डॅरन असेमोग्लू आणि पास्कुअल रेस्ट्रेपो याला दोन बाजूंचा खेळ म्हणतात: यंत्र काही कामांतून माणसाला हटवतं, आणि काही नवी कामं तयार होतात जिथे माणूस लागतो. शेवटी काय होईल ते दोन्हींच्या जोरावर ठरतं.

आपल्याकडे हे मुंबई-नाशिक महामार्गावर दिसतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी कर वाचवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत लहानलहान गोदामं ठेवायच्या. नंतर थोडी पण मोठी गोदामं परवडायला लागली. भिवंडीभोवतीचा गोदामांचा पट्टा वाढत वाशिंद-आसनगावच्या दिशेने सरकला. ऑनलाइन खरेदीने त्यात भर घातली. शहापूर तालुक्यातली कितीतरी मुलं बाईकने किंवा कसारा लोकलने तिथे जातात. माल उतरवणं, स्कॅन करणं, रॅकमधून वस्तू काढणं, पॅकिंग. ही कामं आधी या तालुक्यात नव्हतीच. तंत्रज्ञानाने आणलेली आहेत.

पण तुमच्या वहीत तीन गोष्टी लिहून घ्या.

पहिली: हे काम मिळतं कोणाला? बारावीपर्यंत शिकलेल्या, मोबाइल सफाईने वापरणाऱ्या, येण्याजाण्याची सोय असलेल्या विशीतल्या मुलाला. झोडणीचे वीस दिवस गेलेल्या पन्नाशीच्या बाईला नाही. तालुक्याची बेरीज केली तर नोकऱ्या वाढलेल्या दिसतील. बेरजेत माणूस बदललेला दिसत नाही.

दुसरी: हातातला स्कॅनर वस्तू मोजतो, तसा माणसालाही मोजू शकतो. तासाला किती नग झाले, मध्ये किती वेळ हात थांबला. पूर्वी हे मुकादमाच्या नजरेवर होतं. इथे तंत्रज्ञानाने काम घेतलं नाही, कामाचा वेग स्वतःच्या हातात घेतला.

तिसरी: कायदा. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, डोक्यावर-पाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी. ओझं फोर्कलिफ्टने उचललं आणि माणूस स्कॅनर घेऊन शेजारी उभा राहिला, तर तो कोणत्या कायद्याखाली येतो, त्याचा मालक कोण, कंत्राटदार की कंपनी? कामाचं नाव बदललं की संरक्षण बदलतं का, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कोणी घेणार असेल तर जरूर घ्या.

हजेरीचं ॲप: काम तेच, पण झालं की नाही हे फोन ठरवतो

चौथं उदाहरण मला सगळ्यात उशिरा दिसलं. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची. वि. स. पागे यांच्या नावाशी ती जोडलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाचा. २००५ च्या कायद्यात तत्त्वच होतं की शक्यतो काम माणसाच्या हाताने करायचं, यंत्राने नाही, आणि कंत्राटदार ठेवायचा नाही. म्हणजे १९५८ नंतर पुन्हा एकदा राज्यसंस्थेने यंत्राविरुद्ध माणसाची बाजू घेतली.

मग तंत्रज्ञान आलं ते दुसऱ्या दाराने. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइल ॲपवर सक्तीची झाली. मजुरांचा फोटो, जागेच्या नोंदीसह, दिवसातून दोनदा. हेतू खोटी हजेरी थांबवणं हा होता, आणि खोटी हजेरी हा काही काल्पनिक प्रश्न नव्हे. पण डोंगरातल्या कामावर रेंज नसली, फोन बिघडला, दुसरा फोटो चढला नाही, तर माणसाने माती खणलेली असूनही दिवस भरला की नाही याचा वाद होतो. अशा तक्रारी देशभरातून आल्या.

इथे यंत्राने कुदळ हातात घेतली नाही. काम माणसाचंच राहिलं. यंत्राने साक्षीदाराची जागा घेतली. "ऑटोमेशन" म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रोबोट येतो. गावात ते अनेकदा हजेरीपट, अंगठा आणि ओटीपीच्या रूपात येतं. तुमच्या व्याख्येत याला जागा नसेल तर व्याख्या दुरुस्त करा.

तर मग प्रश्न कसा लिहायचा?

"ऑटोमेशनमुळे शहापूर-मुरबाडमध्ये किती नोकऱ्या जातील?" हे वाक्य खोडा. त्याऐवजी हे पाच प्रश्न समोर ठेवा:

१. कोणतं काम? नोकरीचं नाव नको, क्रियापद लिहा. पाडणं, झोडणं, मोजणं, वाहणं.

२. कोणाचं आणि कोणत्या महिन्यातलं? बाईचं की पुरुषाचं, जमीनवाल्याचं की भूमिहीनाचं, हंगामातलं की रिकाम्या महिन्यातलं. रिकाम्या महिन्यातले दहा दिवस भरल्या महिन्यातल्या दहा दिवसांसारखे नसतात.

३. यंत्र कुठे आहे? त्याच जागी, की शंभर किलोमीटर लांबच्या कारखान्यात, की खिशातल्या फोनमध्ये?

४. त्या कामावर आणखी काय टेकलेलं होतं? उचल, धान्य, कायद्याचं संरक्षण, ओळखीपाळखी.

५. यंत्र आलं नसतं तर काय झालं असतं? दुसरी कारणं वेगळी कशी काढणार?

पद्धतीबद्दल थोडं. एका भेटीवर भागवू नका. निदान आवणी, झोडणी आणि भट्टीचा हंगाम अशा तीन वेळा त्याच घरांत जा. फेब्रुवारीत दार बंद असेल तर "कुटुंब उपलब्ध नाही" लिहून पुढे जाऊ नका. बंद दार हीच माहिती आहे. कुठे गेले, कोणाबरोबर, किती बयाणा घेऊन, हे शेजारी विचारा. आपल्याकडे २०१९ आणि २०२४ ची राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणं आहेत, त्यात माणसाचा पूर्ण दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवलेला असतो. पद्धत शिकायला ती उत्तम आहेत. पण ती एका दिवसाची गोष्ट सांगतात. वर्षाची गोष्ट तुम्हालाच गोळा करावी लागेल.

मी नंतर प्रश्नावली बदलली. सातव्या प्रश्नाच्या जागी बारा रकान्यांची एक पट्टी काढली. रकान्यांवर इंग्रजी महिन्यांची नावं लिहिली नाहीत. आवणी, गणपती, कापणी, दिवाळी, शिमगा असे टप्पे लिहिले, कारण लोक वर्ष तसंच सांगतात. प्रत्येक रकान्यात विचारायचं: या वेळी काय करता, त्याचे काय मिळतात, आणि पाच-दहा वर्षांपूर्वी याच वेळी काय करत होतात?

मग त्या वाडीवर परत गेले. काकू तिथेच होत्या, त्यांनी मला ओळखलं. पट्टी भरायला पाऊण तास लागला. आवणीची मजुरी, कापणी, पूर्वीची झोडणी (आता नाही, मशीन येतं), रोजगार हमीचे दिवस, त्यातले काही न मिळालेले, रानभाजी विकायला आसनगावचा बाजार, आणि नातवाची शाळा बुडू नये म्हणून दोन वर्षांपासून सोडलेली भट्टी. बारापैकी एकही रकाना रिकामा राहिला नाही.

आधीच्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात "गृहिणी" आहे. तो फॉर्म मी फाडलेला नाही. कारण माझ्यासारख्याच कोणीतरी, कुठल्यातरी फेब्रुवारीत, घाईघाईने भरलेल्या रकान्यांवरून आपण पुढे टक्केवारी काढतो आणि त्या टक्केवारीवर योजना ठरतात. ज्या बाईचं काम मोजलंच नाही, तिचं काम गेल्याचंही कोणाला कळत नाही.

तुमचा प्रस्ताव पाठवण्याआधी एक छोटा अभ्यास करून बघा. आपल्याच गावातलं किंवा वस्तीतलं एक घर निवडा आणि त्याची बारा रकान्यांची पट्टी भरा. संगणक नको, निधी नको, परवानगी मात्र त्या घराची घ्या. भरून झाल्यावर स्वतःला विचारा: यातला कोणता रकाना कोणत्या यंत्राने बदलला? उत्तर एका वाक्यात आलं नाही तर घाबरू नका. तिथूनच तुमचा खरा प्रश्न सुरू होतो.